नॅव्ह म्हणेल ती दिशा

आमच्या कॅप्टनसाहेबांच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये कुणी कुठे बसायचं यावर चर्चा होत नाही. स्टिअरिंगवर कॅप्टन, त्यांच्या शेजारी इंजिनिअर. मधल्या सीटवर डाव्या खिडकीशी नेव्हिगेटर, उजव्या खिडकीशी सिग्नलर. आणि सगळ्यात मागे, स्टेपनी आणि पिशव्यांच्या संगतीत, मी. सिग्नलर जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली, पण त्याची सीट त्याचीच आहे. तिथे त्याचा स्टीलचा थर्मास बसतो, दर रविवारी चहानं भरलेला, सीटबेल्ट लावून. एकदा माझ्या बायकोला ठाण्यापर्यंत यायचं होतं, तर कॅप्टन तिला अगदी अदबीनं म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे बसता का? इथे सिग्नलर आहे." बायको थर्मासकडे बघत राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "अहो, तुम्ही सगळे बरे आहात ना?"

बरे कसले? एका लष्करी मालवाहू विमानात अर्धं आयुष्य काढलेली माणसं बरी राहत नाहीत. आमचं विमान डोंगरातल्या चौक्यांना रसद पोचवायचं. पीठ, रॉकेल, औषधं, कधीकधी जिवंत बकऱ्या. कॅप्टन विमान उडवायचे, नेव्हिगेटर रस्ता सांगायचे, इंजिनिअर इंजिनांचे नखरे सांभाळायचा. सिग्नलर जमिनीवरच्या माणसांशी रेडिओवर बोलायचा आणि मधल्या वेळात सगळ्यांना चहा द्यायचा. आधी कॅप्टनना, मग नेव्हिगेटरना, मग इंजिनिअरला. शेपटाकडे माझ्यापर्यंत येईस्तोवर तो थंड आणि अर्धा कप झालेला असायचा. यावरून मी सिग्नलरशी जन्मभर भांडलो.

मी लोडमास्टर. म्हणजे सामान किती घ्यायचं, कुठे ठेवायचं, कसं बांधायचं, हे माझं खातं. वजन एका बाजूला गेलं की विमान रुसतं. ती सवय अजून जात नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही मी लोकांना जागा बदलायला लावतो. "काकू, तुम्ही जरा मध्ये या. तुम्ही दोघं मागे सरका." तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हल्ली जिन्यानंच जातात. त्यांचा गुडघा सुधारला म्हणे, पण त्याचं श्रेय मला कुणी देत नाही.

एकाच विमानात पाचच्या पाच मराठी माणसं, हा निव्वळ योगायोग. बाकीचे आम्हाला वडापाव क्रू म्हणायचे. रिटायर झाल्यावर फिरून सगळे एकाच पट्ट्यात येऊन पडलो. कॅप्टन ठाण्याला, इंजिनिअर कल्याणला, नेव्हिगेटर ठाकुर्लीला, सिग्नलर आणि मी डोंबिवलीला. दर रविवारी कॅप्टन ठाण्याहून व्हॅन काढतात, कल्याणपर्यंत येतात, सगळ्यांना गोळा करतात, परत ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये जाऊन आम्हाला मिसळ खाऊ घालतात, मग पुन्हा सगळ्यांना घरी सोडतात आणि पुन्हा ठाण्याला जातात. माझी बायको म्हणते, मिसळ डोंबिवलीतही मिळते. तिला काय सांगायचं? मिसळ खायला जातंय कोण!

व्हॅनमध्ये विमानाचेच कायदे चालतात. इंजिनिअर डोळे मिटून इंजिन ऐकतो आणि मधूनच "टेंपरेचर नॉर्मल, सर" असं जाहीर करतो. कुणी विचारलेलं नसतं. पण सगळ्यात कडक कायदा नेव्हिगेटरचा. त्यांना आम्ही नॅव्ह म्हणतो. नॅव्ह दिशा सांगणार, कॅप्टन ती मोठ्यानं परत म्हणणार आणि मगच वळणार. कॅप्टनना शंका आली, तर त्यांनी "कन्फर्म?" म्हणून विचारायचं. एकदाच. नॅव्ह "कन्फर्म" म्हणाले की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

हा कायदा उगीच झालेला नाही. एकदा डोंगरात ढगांनी आम्हाला घेरलं. खाली क्षणभर एक नदी दिसली आणि कॅप्टनची खात्री पटली की आपली दरी उजवीकडे आहे. नॅव्ह म्हणाले, डावीकडे. कॅप्टननी विचारलं, कन्फर्म? नॅव्ह म्हणाले, कन्फर्म. कॅप्टननी पुन्हा विचारलं. तेव्हा नॅव्ह शांतपणे म्हणाले, "सर, एकदा सांगितलं." मी शेपटाला बकऱ्यांमध्ये बसून हे सगळं हेडफोनवर ऐकत होतो आणि एक बकरी माझी टोपी खात होती. विमान डावीकडे वळलं. थोड्या वेळानं ढग फाटले, तर उजवीकडे दरीबिरी काही नव्हती, सरळ उभा डोंगर होता. उतरल्यावर कॅप्टन बराच वेळ चाकाला टेकून बसून राहिले. मग त्यांनी हा कायदा केला. आज आम्ही सगळे मिसळ खातोय ते नॅव्हमुळे, हे आमच्यातला प्रत्येकजण जाणतो.

आणि हेच नॅव्ह गेल्या पावसाळ्यानंतर कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि संध्याकाळी कोपर स्टेशनच्या बाकावर सापडले.

कोथिंबीर हातात होती, पार मान टाकलेली. शेजारी बसलेल्या एका बाईंना ते वाऱ्याची दिशा समजावून सांगत होते. बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी नॅव्हच्या खिशातलं कार्ड बघून घरी फोन लावला. आधीही एक-दोनदा असं झालेलं, पण ते लेकीनं आमच्यापासून लपवलेलं.

नॅव्हची लेक त्यांच्याजवळच राहते. जावई जहाजावर असतो, वर्षातले निम्मे महिने समुद्रात. ती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघते. कोथिंबीर प्रकरणानंतर ती माझ्या घरी आली. कॅप्टनकडे गेली नाही, कारण कॅप्टन काही ऐकून घेत नाहीत. माझ्या बायकोनं पुढे केलेला शिरा तिनं नुसता चमच्यानं उकरला.

"काका, मी दिवसभर ऑफिसात. कामाच्या मावशी दुपारी जातात. नंतर बाबा एकटेच. दाराला बाहेरून कडी लावून जाऊ का मी? सांगा ना!"

मी शिऱ्याची बशी तिच्याकडे आणखी सरकवली.

"पुण्याची आत्या म्हणते, माझ्याकडे पाठव. तिचा बंगला आहे, गेटला कुलूप असतं. बाबांच्या वाढदिवसाला रविवारी येतेय ती, गाडी घेऊन. जेवण झालं की घेऊनच जाते म्हणाली."

"आणि रविवारची व्हॅन?" मी विचारलं. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली.

तिनं डोळे पुसले. "तेच तर आहे ना, काका. आठवड्यातून तेवढा एक दिवस ते पहाटेपासून बूट घालून बसतात. म्हणून अजून हो म्हटलं नाही मी. असं करा, या रविवारी नेहमीसारखं न्या त्यांना. जेवायच्या वेळेला घरी आणा, नीट, न हरवता. मी आत्याला सांगेन, बघ, चाललंय त्यांचं व्यवस्थित. पण हरवलात तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

ती गेल्यावर मी कॅप्टनना फोन लावला आणि इंजिनिअरलाही जोडून घेतला. सगळं सांगितलं.

"नॅव्ह हरवत नाही," कॅप्टन म्हणाले.

"सर, ते कोथिंबीर आणायला गेले आणि कोपरला सापडले!"

"एकटा होता. क्रूशिवाय गेला की असंच होणार."

"अहो सर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी ओरडलो. नोकरीत हे वाक्य बोललो असतो तर आयुष्यभर बटाटे सोलत बसलो असतो. "त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय. रविवारी तुम्ही सरळ घरचा रस्ता धरा. नॅव्हना काय बोलायचं ते बोलू दे!"

कॅप्टन म्हणाले, "गाडीत नेव्हिगेटर बसलाय आणि मी त्याचं ऐकत नाही, हे त्याला कळणार नाही असं वाटतं तुला? त्यापेक्षा मग पुण्याला पाठवलेलं काय वाईट?"

यावर मी आणखी चिडलो. शेवटी इंजिनिअरनं तोडगा काढला. त्याच्या फोनवर रस्ता दाखवणारी बाई आहे. ती चालू ठेवायची, आवाज अगदी बारीक करून. नॅव्ह चुकले तर तो कॅप्टनच्या गुडघ्याला चिमटा काढणार, कॅप्टन "कन्फर्म?" विचारणार आणि नॅव्ह आपसूक दुरुस्त करणार. प्लॅन झकास होता. उंटावरून शेळ्या हाकायचे सगळेच प्लॅन झकास असतात.

रविवारी नॅव्ह थ्री-पीसमध्ये उभे. वाढदिवस म्हणून आम्हीही ब्लेझर काढलेले. माझ्या ब्लेझरचं बटण लागत नव्हतं. बायको म्हणाली, श्वास घेऊ नका, लागेल. वागळे इस्टेटमध्ये मिसळवाल्यानं पावात मेणबत्ती खोचून दिली. नॅव्हनी ती फुंकली, तर्री इंजिनिअरच्या टायवर उडाली आणि तो म्हणाला, "ऑइल लीक, सर." जाताना नॅव्हनी एकही वळण चुकवलं नव्हतं. मला वाटलं, पोरगी उगाच घाबरते.

परतीला मुंब्रा बायपासही सुरळीत पार पडला. शिळफाट्याला आलो. तिथून डावीकडे वळलं की कल्याण रोड, सरळ घर. शेंबडं पोरही सांगेल.

नॅव्ह पुढे झुकले. पूर्वी तिथे एक मोठं झाड होतं, त्यावरून ते वळण सांगायचे. आता तिथे मेट्रोचे खांब आणि पत्र्यांचे आडोसे. नॅव्हनी झाड शोधलं. मग ठामपणे म्हणाले, "सरळ."

चिमटा बसला. कॅप्टन दचकले. "सरळ. कन्फर्म?"

"कन्फर्म."

"सरळ," कॅप्टन म्हणाले आणि व्हॅन तळोज्याच्या रस्त्याला लागली.

मी मागून "सर! सर!" करतोय. तेवढ्यात फोनमधली बाई भलत्याच स्पष्ट आवाजात म्हणाली, "पुढे यू-टर्न घ्या." इंजिनिअर घाबरून फोनवर बसला. ती त्याच्याखालून म्हणाली, "यू-टर्न घ्या."

"ही कोण?" नॅव्हनी विचारलं.

"एफएम आहे, सर."

"बंद कर. लोकांना भलतीकडे पाठवतेय."

बाई बंद झाली. व्हॅन चालत राहिली. कॅप्टनचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी शेवटी पिशव्या घट्ट धरल्या. दुसरं करणार काय!

थोडं पुढे गेल्यावर नॅव्ह एकदम ताठ झाले. "उजवीकडे. रनवे दिसतोय."

खरंच दिसत होता. एका गावालगत मोठं मोकळं मैदान, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कडेला वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. कॅप्टन "उजवीकडे, रनवे इन साइट" म्हणाले आणि आम्ही एका क्रिकेटच्या सामन्यात, थेट डीप मिडविकेटला, येऊन थांबलो.

आगरी गावातली टेनिस बॉलची टूर्नामेंट म्हणजे काय प्रकरण असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मंडप, स्टेज, सोफे, ढोल, आणि माइकवर एक गृहस्थ जो श्वास न घेता बोलतो. रविवारी उन्हात ब्लेझर घातलेली चार म्हातारी माणसं व्हॅनमधून उतरतात, म्हणजे ती पाहुणेच, हे त्यानं बघताक्षणी ठरवलं.

"आयले रं आयले, पावने आयले! टाल्या होऊन जाव्यात!"

गळ्यात सोन्याचा गोफ घातलेले एक भारदस्त दादा हात जोडून धावत आले. "या न साहेब, बसा न. उशीर केलाव जरा."

"अहो, आम्ही चुकून..." मी तोंड उघडलं.

"लोडमास्टर," कॅप्टन नुसतं म्हणाले. त्या आवाजाला मी अजून घाबरतो.

आम्हाला शाली घातल्या, नारळ दिले. दादांनी विचारलं, "साहेब कंच्या खात्यातलं?" कॅप्टननी खरं ते सांगितलं. ते माइकवर गेलं आणि मैदानानं अशी शिट्टी मारली की विचारू नका. फायनलचा टॉस नॅव्हच्या हस्ते करायचा ठरला. टॉस झाला, नाणं दिलं परत, पण माइक काही नॅव्ह परत देईनात.

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हे कोथिंबिरीवर बोलणार.

नॅव्हनी बोट ओलं करून हवेत धरलं. "वारा पश्चिमेचा आहे. पंधरा-वीस मिनिटांत वाढेल. त्या टोकाकडून खेळणाऱ्यानं चेंडू लेगला उंच मारावा. बाकी वारा बघून घेईल. हवामान स्वच्छ. शुभेच्छा." आणि सॅल्यूट ठोकून खाली बसले.

वारा वाढला. सांगितल्याप्रमाणेच वाढला. गावच्या टीमनं शेवटच्या ओव्हरमध्ये लेगला उंच मारले आणि दोन चेंडू मैदानाबाहेरच्या घरांवरून पलीकडे गेले. माइकवाला बेभान झाला. "हवामान खात्याचं बाबा, तुमची किरपा!" पोरांनी नॅव्हना खांद्यावर उचललं. मी खालून ओरडतोय, "अरे मधोमध धरा, वजन एकीकडे जातंय!" कोण ऐकतंय? आणि सामनावीराला ठेवलेला गावठी कोंबडा सामनावीरानं स्वतःच आणून नॅव्हच्या हातात दिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेक.

"काका, जेवायची पानं मांडलीत. कुठे आहात?"

"मैदानावर," मी म्हणालो.

"कुठल्या मैदानावर?"

मागे ढोल वाजत होता, माइकवरून "बाबा, बाबा" चाललेलं आणि कोंबडा ओरडत होता. खोटं बोलायला सुद्धा काही आधार लागतो. मी फोन इंजिनिअरकडे दिला. त्यानं मुकाट्यानं लोकेशन पाठवलं.

ती रिक्षा करून आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा बघून गोफवाले दादाही बाजूला झाले. नॅव्ह सोफ्यावर मधोमध, अंगावर शाल, काखेत कोंबडा, दोन्ही बाजूंना पोरं सेल्फी काढतायत. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ही माझी लेक," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "कधी चुकत नाही. रिसीव्ह करायला आली बघा."

ती ओरडायच्याच तयारीत आलेली, पण तिनं आधी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. पोरांनी तिलाही खुर्ची दिली, सरबत दिलं. ती बापाकडे बघत बसली. मग मला हळूच म्हणाली, "घरी दिवसभर खिडकीशी बसून असतात हो. टीव्हीसुद्धा लावत नाहीत. हे असे हसतात, मी विसरलेच होते."

"मग..." मी आशेनं म्हणालो.

"मग काय, काका? ठरलं होतं आपलं. हरवलात तुम्ही. आत्या घरी बसलीये, बाबांची बॅग भरतेय. आज हा कोंबडा मिळाला, उद्या एखादा ट्रक आला तर?"

तिचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. मला रडू आलं. म्हणून मी नारळ मोजल्यासारखं केलं आणि दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे व्हॅनमध्ये लावून ठेवले.

निघायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला, ती बसणार कुठे? मागे मी, स्टेपनी, नारळ आणि पाय बांधलेला कोंबडा. मी म्हणालो, मी नारळ मांडीवर घेतो. पण कॅप्टन स्वतः खाली उतरले, मधलं दार उघडलं, सीटबेल्ट सोडवला आणि थर्मास उचलून तिच्या हातात दिला.

"बस, बेटा. सिग्नलरची सीट आहे."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिला काही कळलं नाही. ती थर्मास मांडीवर घेऊन बसली.

व्हॅन निघाली. इंजिनिअरनं टेंपरेचरही सांगितलं नाही. तिच्या फोनवर आत्याचे मेसेज येत होते, टिंग टिंग टिंग. नॅव्ह खिडकीबाहेर बघत होते.

पुन्हा शिळफाटा. आता या बाजूनं आलो म्हणजे घर उजवीकडे. ती त्याच रस्त्यानं नुकतीच आलेली, तिला ठाऊक. मला ठाऊक, इंजिनिअरला ठाऊक, कॅप्टनना ठाऊक.

"नॅव्ह, दिशा?" कॅप्टननी विचारलं.

मागच्या डंपरनं हॉर्न द्यायला सुरुवात केली. नॅव्ह काचेला नाक लावून शोधत होते. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"झाड दिसत नाही," ते म्हणाले. अगदी हळू.

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं उडलो. ढगात, बर्फात, एक इंजिन बंद असताना. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. नेमका तेव्हाच मेला कोंबडा आरवला.

नॅव्ह दचकले, सावरून बसले आणि म्हणाले, "डावीकडे."

"डावीकडे. कन्फर्म?"

"कन्फर्म."

आता कॅप्टननी ते परत म्हणून वळायचं. पण कॅप्टन म्हणेनात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी आरशात बघितलं, नॅव्हकडे नाही, त्या पोरीकडे. तिचा बाप, तिची आत्या, तिचा शब्द. मागे डंपरवाला आमच्या सात पिढ्या उद्धरत होता.

तिनं बापाकडे बघितलं. थर्मास दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"डावीकडे, कॅप्टन काका," ती म्हणाली.

"डावीकडे," कॅप्टन म्हणाले आणि व्हॅन घराकडे पाठ करून महापेच्या रस्त्याला वळली.

लगेच फोन वाजला. आत्याचा आवाज मला मागेसुद्धा ऐकू येत होता.

"आत्या, तू जेवून घे," लेक म्हणाली. "हो, पुरणपोळी झाकून ठेवलीय... नाही, आमची वाट बघू नको... आणि ती बॅग रिकामी करून टाक. बाबा नाही येत पुण्याला... नाही म्हणजे नाही. बघेन मी काय ते, दुपारसाठी कुणीतरी माणूस ठेवेन, पण ते इथेच राहतील... किती वेळ लागेल? ते मला कसं माहीत असणार? थांब." तिनं फोनवर हात ठेवला. "बाबा, पोझिशन?"

नॅव्हनी बाहेर बघितलं. अनोळखी रस्ता, अनोळखी डोंगर. त्यांनी शाल नीट केली.

"ट्रॅकवर आहोत," ते म्हणाले.

"ट्रॅकवर आहोत, आत्या," तिनं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

"टेंपरेचर नॉर्मल, सर," इंजिनिअर नाक ओढत म्हणाला.

मग तिनं थर्मास उघडला. कुणी सांगितलेलं नव्हतं. आधी कॅप्टनना दिला, मग बापाला, मग इंजिनिअरला. सगळ्यात शेवटी मान मागे वळवून माझ्या हातात कप दिला. चहा थंड होता आणि अर्धाच कप होता.